शंभर कोटींचा दावा आणि पहिल्या तारखेचा हुकूम

आज आधी एक कबुली.

आपला एक जुना भाग आता कुठल्याच ॲपवर सापडत नाही आणि "तो गेला कुठे?" असं विचारणारे मेसेज अजून येतात. तो आम्हीच काढला. एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली होती. सहा पानं, जड इंग्रजी, आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट: सात दिवसांत भाग काढा, माफी मागा, नाहीतर पाच कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावू. भागात चूक होती का? आम्हाला आजही वाटतं की नव्हती. पण आम्ही दोन माणसं, एक माइक आणि एक हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप. पाच कोटी हा आकडा आम्ही फक्त बातम्यांत बघितलेला. ओळखीच्या एका वकीलताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अरे, तू जिंकशील. पण दहा वर्षांनी." रात्री साडेअकराला डिलीट दाबलं.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. जिंकणारा माणूसही हरतो, असा हा कसला खेळ? आणि हा खेळ कुणी कधी खऱ्या अर्थानं जिंकलंय का? आजचा भाग त्याबद्दल.

सुचेता दलाल हे नाव तुम्हाला माहीत असेल. 'स्कॅम १९९२' बघितली नसेल असा श्रोता मला अजून भेटलेला नाही. टाइम्स ऑफ इंडियात एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर काढणाऱ्या त्याच पत्रकार. पण त्यानंतर तेवीस वर्षांनी त्यांच्यावर जे गुदरलं त्याची मालिका कुणी केली नाही. खरं तर ती गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे, कारण ती छापील पेपरची नाही, वेबसाइटची आहे.

२०१५ साल. सुचेता दलाल आणि त्यांचे पती देबाशिस बसू दादरमधून 'मनीलाइफ' नावाचं मासिक आणि वेबसाइट चालवत होते. सामान्य गुंतवणूकदाराच्या बाजूनं लिहिणारं हे छोटंसं प्रकाशन. त्यांच्या हाती एका निनावी जागल्याच्या पत्राची प्रत आली. पत्र सिंगापूरहून आल्यासारखं दिसत होतं आणि ते लिहिलेलं होतं सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला. आरोप होता नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर. बीकेसीतल्या त्या काचेच्या इमारतीतल्या एनएसईवर.

आरोप काय होता ते जरा समजून घेऊ, कारण तुमच्यापैकी निम्मे जण मोबाइलवर ट्रेडिंग करता हे मला ठाऊक आहे. एनएसई ब्रोकरना एक सोय द्यायची, कोलोकेशन. ब्रोकरनं भाडं भरायचं आणि आपला सर्व्हर थेट एक्स्चेंजच्या आवारात, एक्स्चेंजच्या मशीनशेजारी ठेवायचा. अंतर कमी, म्हणून भाव आधी कळतो. हे सगळं कायदेशीर होतं, कुणालाही पैसे भरून घेता येत होतं. ग्यानबाची मेख पुढे होती. त्या काळातल्या व्यवस्थेत भावाची माहिती सगळ्यांना एकाच क्षणी जात नसे, ती रांगेत एकामागून एक जाई. सकाळी जो आधी कनेक्ट होईल त्याला आधी. तत्काळ तिकिटाचं बुकिंग आठवा: दहाच्या ठोक्याला सगळेच बसलेले असतात, पण एखाद्या एजंटचं तिकीट दरवेळी आपल्या आधी निघतं. तसंच काही ठरावीक ब्रोकरना रांगेत पुढे शिरण्याची वाट माहीत आहे आणि आतल्या कुणाची त्याला मदत आहे, असं त्या पत्रात म्हटलं होतं. फरक सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचा. पण यंत्र जेव्हा यंत्राशी सौदा करतं तेव्हा तेवढा पुरतो.

आता पत्र हाती आल्यावर मनीलाइफनं काय केलं ते नीट ऐका, कारण पुढे सगळा खटला यावर फिरला. त्यांनी ते लगेच वेबसाइटवर चढवलं नाही. जाणकारांकडून तपासलं. मग एनएसईच्या वरिष्ठांना लिहून विचारलं की यावर तुमचं म्हणणं काय. उत्तर नाही. पुन्हा आठवण केली. उत्तर नाही. सेबीकडूनही नाही. मग जून २०१५ मध्ये लेख प्रसिद्ध झाला.

याला उत्तर मात्र आलं. मुंबई हायकोर्टात १०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा. लेख खोटा आहे, आमची व्यवस्था सगळ्यांना सारखी आहे, लेख ताबडतोब काढा आणि यापुढे असं काही लिहू नका, अशी मागणी.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, जी मलाही आधी माहीत नव्हती. १०० कोटी मागायला खर्च किती येतो? महाराष्ट्रात तेव्हा दावा कितीही मोठा असो, कोर्ट फी जास्तीत जास्त ३ लाख रुपये होती. २०१८ मध्ये ही मर्यादा १० लाख झाली. म्हणजे एखाद्या बड्या संस्थेला १०० कोटींचा आकडा कागदावर लिहायला एका बऱ्या सेकंडहँड गाडीपेक्षा कमी पैसे लागतात. समोरच्याच्या घरात मात्र त्या रात्रीपासून जेवण जात नाही.

आणि दुसरी, याहून मोठी गोष्ट. अशा दाव्यात ते १०० कोटी बहुतेकदा खरे लक्ष्य नसतातच. दाव्याबरोबर एक अर्ज असतो, तूर्तातूर्त मनाईचा. खटल्याचा निकाल लागेपर्यंत हा मजकूर बंद ठेवा, असा. आपल्याकडे दिवाणी खटला पाच, दहा, पंधरा वर्षं चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ही 'तूर्तातूर्त' मनाई पहिल्या तारखेला मिळाली की प्रत्यक्षात खटला संपला. साक्षी नाहीत, पुरावे नाहीत, लेख खरा की खोटा हे कुणी तपासलेलं नाही. लेख मात्र गायब.

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. 'कॅरव्हॅन' या दिल्लीच्या मासिकाचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी लेखक सिद्धार्थ देब यांचा आयआयपीएम या मॅनेजमेंट संस्थेवरचा मोठा लेख छापला. तुम्ही लहान असाल तेव्हा, पण घरातल्या मोठ्या भावाला विचारा: पेपरभर जाहिराती, केसांची पोनीटेल आणि रंगीत चष्मा घातलेले अरिंदम चौधरी. तीच ही संस्था. मासिक दिल्लीचं, संस्था दिल्लीची. ५० कोटींचा दावा लागला कुठे? आसाममधल्या सिल्चरला. दिल्लीपासून दीड हजार किलोमीटरहून लांब. प्रतिवादींत मासिक, लेखक, पुस्तक काढणारी पेंग्विन, आणि शोधल्यावर तो लेख दाखवतं म्हणून गूगलसुद्धा! सिल्चरच्या कोर्टानं दुसऱ्या बाजूला न ऐकताच मनाई दिली. लेख वेबसाइटवरून उतरला. देब यांच्या पुस्तकाची भारतातली आवृत्ती पहिल्या प्रकरणाशिवायच बाजारात आली. सुप्रीम कोर्टानं खटला सिल्चरहून दिल्लीला आणायला २०१५ उजाडलं, आणि दिल्ली हायकोर्टानं मनाई उठवली २०१८ मध्ये. सात वर्षं. तोवर आयआयपीएमनंच बहुतेक कॅम्पस बंद करून टाकले होते. ज्या मुलांनी प्रवेश घेण्याआधी तो लेख वाचायला हवा होता ती केव्हाच पास होऊन बाहेर पडली होती.

मध्येच एक किस्सा, राहवत नाही म्हणून. २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कोर्टाच्या आदेशावरून आयआयपीएमवर टीका करणाऱ्या ७३ लिंक देशभर बंद केल्या गेल्या. त्यात एक लिंक कुणाची होती? यूजीसीची! ही संस्था विद्यापीठ म्हणून मान्यताप्राप्त नाही, असं सांगणारी सरकारची स्वतःची सूचना.

पण २०११ मध्येच दुसऱ्या एका कोर्टात याच्या अगदी उलट घडलं, आणि तेही एका व्हिडिओ गेममुळे. ओडिशात धामरा इथे टाटा स्टील आणि एल अँड टी मिळून बंदर बांधत होते. जवळच गहिरमाथाचा किनारा, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंच्या संख्येनं अंडी घालायला येतात. ग्रीनपीसनं विरोध म्हणून एक ऑनलाइन गेम काढला, पॅकमॅनसारखा. पिवळं कासव ठिपके खात पळतंय आणि मागे लागलेल्या राक्षसांवर टाटांचा लोगो. टाटा सन्सनं दिल्ली हायकोर्टात १० कोटींचा दावा लावला आणि गेम बंद करायला सांगितला. टाटांचा एक मुद्दा आज आपल्यालाही पटेल असा होता: इंटरनेटवरची बदनामी क्षणात जगभर जाते, मग तिला छापील मजकुराचाच नियम कसा लावता? न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी २८ जानेवारी २०११ ला मनाई नाकारली. माध्यम बदललं म्हणून बोलण्याच्या हक्काचं माप बदलत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आणि त्यासाठी आधार घेतला एका एकशेवीस वर्षं जुन्या इंग्लिश निकालाचा.

तो निकाल म्हणजे बोनार्ड विरुद्ध पेरीमन, लंडन, १८९१. गंमत बघा, तोही शेअर बाजाराचाच मामला. पेरीमन 'फायनान्शिअल ऑब्झर्व्हर अँड मायनिंग हेरल्ड' नावाचं आर्थिक पत्र चालवायचा. अमेरिकेतल्या एका गिरणीचे शेअर लोकांच्या गळ्यात मारले जातायत आणि त्यात फसवणूक आहे, असा लेख त्यानं छापला. ज्यांची नावं आली ते कोर्टात गेले. खालच्या न्यायाधीशांनी मनाई दिली. पेरीमननं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की मी लिहिलंय ते खरं आहे आणि खटल्यात मी ते सिद्ध करीन. अपिलात लॉर्ड कोलरिज यांनी निकाल दिला. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, पण बहुमतानं मनाई उठली. तर्क साधा होता. मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवायचं काम त्या काळी ज्यूरीचं. लिहिणारा जर म्हणतोय की मी सिद्ध करतो, तर न्यायाधीशानं ज्यूरीच्या आधीच तोंड बंद करायचं नाही. मजकूर खोटा आहे हे उघड उघड दिसत असेल तरच मनाई. बाकी वेळी आधी बोलू द्या, मग खटला चालवा, खोटा निघाला तर दंड करा.

इथे ज्यूरी केव्हाच गेली. नियम मात्र राहिला.

आता पुन्हा मुंबई हायकोर्ट. ९ सप्टेंबर २०१५. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एनएसईचा अर्ज फेटाळला. त्यांचे निकाल वाचायला कायद्याची पदवी लागत नाही. साध्या, धारदार इंग्रजीत असतात, कधीतरी वाचून बघा. त्यांनी पाहिलं ते हे: लिहिणाऱ्यांनी आधी विचारलं होतं का? हो. मजकूर तपासला होता का? हो. विषय जनहिताचा आहे का? उघडच आहे, देशभरातल्या लोकांचा पैसा तिथून फिरतो. मग ज्यांना विचारल्यावर बोलायचं नव्हतं त्यांनी नंतर येऊन लेखकांचा हेतूच दुष्ट होता असं म्हणायचं, हे कसं चालेल? एवढ्या मोठ्या सार्वजनिक जबाबदारीच्या संस्थेनं टीका सहन केली पाहिजे, तिला उत्तर दिलं पाहिजे, दावा लावून ती गाडता येणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

आणि मग खर्चाचा हुकूम. नुसता अर्ज फेटाळून ते थांबले नाहीत. एनएसईनं देबाशिस बसू आणि सुचेता दलाल यांना प्रत्येकी दीड लाख द्यायचे, आणि वर दंड म्हणून ४७ लाख, तेही परळचं टाटा मेमोरियल आणि भायखळ्याचं मसिना या दोन हॉस्पिटलांना, गरीब रुग्णांच्या उपचारासाठी. एकूण ५० लाख. एनएसईनं यावर अपील केलं. पण ज्यानं दावा लावला त्यालाच पहिल्या पायरीवर ५० लाखांचा भुर्दंड, असं आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

इथपर्यंत आलो की टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. मलाही झाला. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही.

पहिली: मनीलाइफचा लेख शब्दन् शब्द खरा आहे, असं न्यायमूर्ती पटेल यांनी ठरवलं नव्हतंच. त्या टप्प्यावर ते ठरवायचंच नव्हतं. पुढे काय झालं? सेबीनं तपास केला. ३० एप्रिल २०१९ ला सेबीनं एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासकट भरायला सांगितले. बातमी आली तेव्हा सगळीकडे 'बघा, म्हणत नव्हतो?' सुरू झालं. पण जानेवारी २०२३ मध्ये अपिलात रोखे अपिलीय न्यायाधिकरणानं, म्हणजे सॅटनं, ती वसुली रद्द केली आणि व्यवस्था चालवताना पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. सप्टेंबर २०२४ मध्ये तर संगनमत सिद्ध करण्याइतका पुरावा नाही असं म्हणून सेबीनंच ते प्रकरण निकाली काढलं. थोडक्यात, नऊ वर्षं, तीन हुकूम आणि प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं. व्यवस्थेत भोक होतं हे दिसलं. ते कुणी मुद्दाम पाडलं हे सिद्ध झालं नाही. आता विचार करा, जून २०१५ मध्येच तो लेख बंद झाला असता तर या नऊ वर्षांत लोकांसमोर ही चर्चा कशावर झाली असती?

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. लिहिणारे चुकतात. अगदी मोठे लिहिणारेसुद्धा. १८८२ मध्ये केसरी आणि मराठा या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर जबर आरोप केले, की ते तिथल्या तरुण महाराजांचा छळ करतायत. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट निघाली. आगरकर आणि टिळक, दोघंही विशी-पंचविशीतले, चार महिन्यांच्या शिक्षेवर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. आपण शाळेत हा प्रसंग शौर्यकथा म्हणून शिकतो. त्यात शौर्य होतंच, महाराजांबद्दलची कळकळ खरी होती. पण हातातली कागदपत्रं खोटी होती आणि ती पुरेशी तपासली गेली नव्हती, हेही तितकंच खरं. बर्व्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याची नाहक बदनामी झाली त्यानं जायचं कुठे? म्हणून अब्रुनुकसानीचा कायदाच नको म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझं भांडण पहिल्या तारखेशी आहे. शिक्षा झाली ती खटला चालून, पत्रं कोर्टात तपासून झाली.

मनीलाइफचा निकाल एका हायकोर्टाचा होता. खालच्या कोर्टांत मनाया निघतच राहिल्या. मग आला मार्च २०२४. ब्लूमबर्गनं २१ फेब्रुवारीला बातमी दिली होती, की झी एंटरटेनमेंटच्या हिशेबात २४ कोटी १० लाख डॉलरची गडबड सेबीला सापडली आहे. झी म्हणजे तीच, आईच्या रात्रीच्या मालिकांवाली. झीनं दिल्लीच्या कोर्टात दावा लावला. १ मार्चला कोर्टानं ब्लूमबर्गला न ऐकता आठवड्यात बातमी काढायला सांगितली. हायकोर्टानं १४ मार्चला तो हुकूम कायम ठेवला. ब्लूमबर्गकडे पैसा होता, वकील होते. ते आठवड्याभरात सुप्रीम कोर्टात पोचले. २२ मार्चला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं हुकूम रद्द केला आणि अर्ज नव्यानं ऐकायला परत पाठवला. त्या निकालात १८९१ चा पेरीमन पुन्हा हजर! खटल्याआधीची मनाई ही त्या मजकुराला दिलेली फाशीच ठरते, अशा अर्थाचं कोर्टानं लिहिलं. शिवाय एक शब्द वापरला, स्लॅप. बड्यांनी जनहिताच्या प्रश्नावर बोलणाऱ्यांना गप्प करायला लावलेले दावे. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात हे नाव ठेवलं. तिकडे अनेक राज्यांत असे दावे सुरुवातीलाच फेटाळायचा कायदा आहे. आपल्याकडे असा कायदा अजून नाही, सगळी भिस्त समोर बसलेल्या न्यायाधीशांवर.

आणि तो निकाल खालपर्यंत किती झिरपला? सप्टेंबर २०२५ घ्या. अदानी एंटरप्रायझेसच्या दाव्यात दिल्लीच्या रोहिणी कोर्टानं ६ तारखेला पत्रकारांना न ऐकता मनाई दिली. त्या आधारावर केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यानं १३८ यूट्यूब व्हिडिओ आणि ८३ इन्स्टाग्राम पोस्ट काढायचे आदेश पाठवले. चार पत्रकार अपिलात गेले. १८ तारखेला जिल्हा न्यायाधीशांनी त्या चौघांपुरता हुकूम रद्द केला: हे लेख कितीतरी दिवस लोकांसमोर होते, मग यांना आधी ऐकून घ्यायला काय हरकत होती?

ब्लूमबर्गला तीन आठवडे लागले. चौघांना बारा दिवस. कॅरव्हॅनला सात वर्षं.

आमच्या त्या भागाबद्दल वकीलताईंशी पुन्हा बोलणं झालंय. त्यांनी या वेळी पहिला प्रश्न विचारला, "कंपनीला आधी ईमेल करून विचारलं होतंस का?" नव्हतं विचारलं. आता विचारलंय. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. आणखी पंधरा दिवस थांबू असं ठरलंय, मग तो भाग त्या ईमेलसकट परत लावू. तोवर पुढच्या आठवड्यात भेटू.